नमुन्याची काकडी

"अगं, तिथल्या नको! त्या विकायच्या आहेत. घरच्या वाफ्यातल्या चार काकड्या आण," सासूबाई स्वयंपाकघरातून सुनेला ओरडल्या.

त्या गावात प्रत्येकाचा घरचा वाफा विकायच्या शेतापासून वेगळा होता आणि त्याला औषधाचा थेंबही लागत नसे. लोक फार काळजी घेणारे! काळजी आपल्या उंबऱ्यापुरती, बाकीचं जग खड्ड्यात गेलं तरी चालेल.

सून तपासणी केंद्रात कामाला होती. फवारण्या किती, ऊन किती, पाणी किती यावरून तोडणीच्या दिवशी काकडीत किती विष साचलेलं असेल, याचा अंदाज ती बांधायची. गावकरी नमुने देत, त्यांच्या तपासणीवरून ती अंदाज सुधारायची. तीन वर्षांत आकडे खाली-खाली आले होते. तिच्या सहीवर तालुक्याच्या निवासी शाळेच्या भोजनगृहात काकडी जात होती, आणि तिला त्याचा केवढा अभिमान!

ती वाफ्यात आली, तेव्हा सासरे वाकून केंद्राची नमुन्याची पिशवी भरत होते.

"बाबा, नमुना इथला देता?"

"मग? मुलगी दाखवताना कोणी तिला चिखलात उभं करतं का? सगळेच इथलाच देतात."

सुनेच्या लक्षात सगळं आलं. म्हणजे तिचं गणित तीन वर्षं घरच्या काकड्यांवरच शिकलं होतं!

"शाळेतली पोरं खातात हो ती!"

"धुऊन खातात की."

"आत मुरलेलं धुऊन जात नाही, बाबा."

"मग आपली पोरं थोडीच आहेत ती?" सासरे म्हणाले आणि पिशवीला गाठ मारली.

तिने खोटे नमुने वगळून फक्त फवारण्यांच्या नोंदींवरून हिशेब पुन्हा मांडला. पहिल्या फवारणीचं विष विरायच्या आत दुसरी, मग तिसरी. मर्यादेच्या सातपट! तिने शाळेला पत्र लिहिलं: माझे सगळे अंदाज चुकीचे आहेत, काकडी थांबवा.

गावाला कुणकुण लागली. दुपारी अंगणात तीस कर्ते पुरुष जमले. कडक इस्त्रीचे कपडे, तोंडात अब्रूची भाषा.

"सूनबाई, पत्र फाड. घराण्याचं नाक कापशील," सासरे गरजले.

"फाडते, पण आधी विकायच्या शेतातली काकडी यंदा ज्याने स्वतः खाल्ली असेल, त्याने फक्त हात वर करावा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सासऱ्यांचा हात अर्धा उठला.

"खोटं बोलू नका हो," दारातून सासूबाई हळूच म्हणाल्या.

हात खाली आला. सून पत्र घेऊन शाळेकडे निघाली, आणि त्या तीस शूरांपैकी एकानेही तिची वाट अडवली नाही.