सौमित्रची फाईल

सात दिवसांची क्रूझ होती आणि मी गॅल्व्हस्टनच्या बंदरावरूनच परत आले. यावर आमच्या टेक्ससमधल्या अर्विंगच्या मराठी मंडळींत सध्या दोन मतं आहेत. एक, सुवर्णाला बोट लागते. दोन, सुवर्णाचं डोकं फिरलंय. दुसरं मत अनीशचं आहे आणि घरोघरचे डबे आणून पॉटलक होतं ना, तिथे प्रत्येक वेळी तो ते वाढतो. वाढू दे. पण ऐकायचंच असेल तर माझ्या तोंडून ऐका, कारण डोकं माझं होतं.

सौमित्र माझा नवरा. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आवाज कधी चढत नाही. मी नागपूरची, माझा खाली येत नाही. रुचा आमची पाच वर्षांची पोरगी, इथेच जन्मलेली. अनीश सौमित्रच्या ऑफिसातला मित्र, रेणू त्याची बायको, आणि ईशान त्यांचा मुलगा, रुचाच्याच वयाचा. क्रूझची टूम अनीशने काढली. ख्रिसमसच्या सुट्टीत जमैका, केमन आयलंड, कोझुमेल. "वहिनी, सात दिवस पोळ्या लाटायच्या नाहीत!" हे तो अशा थाटात म्हणाला, जसा काही रोज हाच लाटायला बसतो.

आता स्टॅम्पचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही सौमित्रच्या नोकरीच्या व्हिसावर इथे. इथे राहायची परवानगी वेगळी आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प वेगळा. परवानगी इथल्या इथे वाढते, एक कागद घरी येतो. स्टॅम्प मात्र देशाबाहेर जाऊन अमेरिकन वकिलातीतून, कॉन्सुलेटमधूनच आणावा लागतो. तो संपला तरी इथे खुशाल राहा, भाजी आणा, पोरं वाढवा. पण एकदा का बाहेर पाय टाकला, की नवा स्टॅम्प मिळेपर्यंत आत येणं नाही. सौमित्र गेल्या वर्षी कंपनीच्या कामाने पुण्याला जाऊन आला तेव्हा स्वतःचा नवा घेऊन आला. माझा दोन हजार चारमध्येच संपला होता. मी रुचाला घेऊन इथेच होते ना, कुठे जाणार?

मार्चमध्ये नागपूरला माझे बाबा आजारी पडले. हार्टचं दुखणं. अकरा दिवस दवाखान्यात होते. मी पहिल्याच दिवशी बॅग काढली. तिसऱ्या दिवशी सौमित्रने ती पलंगावरून उचलून खाली ठेवली, माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "मी लॉयरशी बोललो गं. तो नाही म्हणाला. आत्ता गेलीस तर स्टॅम्पसाठी महिनोन्महिने अडकशील, ग्रीन कार्डचंही बिघडेल." लॉयर म्हणजे कंपनीने नेमलेला. त्याचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याशी बोलायचं काम सौमित्रचं.

मी रोज फोन कार्ड खरवडायची आणि आईला फोन लावायची. आई फोन बाबांच्या कानाला धरायची. नवव्या दिवशी बाबांनी विचारलं, "निघाली का बेटा?" मी म्हटलं, "बाबा, सोडत नाहीत हो इथले लोक." ते म्हणाले, "बरं बरं, पाहा जमलं तर." जमलं तर! दोन दिवसांनी गेले. मी एकुलती एक. अग्नी चुलतभावाने दिला.

त्यानंतर नऊ महिने मी त्या लॉयरला शिव्या घातल्या. भांडी घासताना घातल्या, गाडी चालवताना घातल्या. मेल्याला आईबाप आहेत की नाहीत, असं मी सौमित्रलाच विचारायची, आणि हा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, "त्याचाही नाइलाज असतो गं." आणि मी, येडी, त्याच पाठीवरच्या हातासाठी देवाचे आभार मानायची. रेणूला सांगायची, नवरा असावा तर असा.

म्हणून क्रूझचं निघालं तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला. "माझा स्टॅम्प?"

"विचारलंय लॉयरला," सौमित्र म्हणाला. "बोटीचं वेगळं असतं. तो हो म्हणाला."

अनीशने री ओढली. "अहो, बोटीवर कोण स्टॅम्प बघतंय यार! आमच्या ओळखीतले तीन जण जाऊन आले. कुणी हूं की चूं केलं नाही."

आमच्या लोकांचं हे असं आहे बघा. टॅक्स भरताना तीन तीन वेळा तपासतील, दूध घेताना तारीख वाचतील, आणि जिथे अख्खं बिऱ्हाड पणाला लागतं तिथे ओळखीतले तीन जण. मला खटकलं. बापासाठी जे दार बंद होतं ते जमैकासाठी उघडतं कसं? पण लॉयर हो म्हणाला होता. आणि रुचाने शाळेत सगळ्यांना बोटीचं चित्र काढून दाखवलं होतं. मी गप्प बसले, आणि आयुष्यात गप्प बसून माझं कधीच भलं झालेलं नाही.

शनिवारी पहाटे अर्विंगहून निघालो. पाच तासांचा रस्ता, मेथीचे पराठे गाडीतच संपले. गॅल्व्हस्टनला पोचलो तर समोर ती बोट. बोट कसली, अख्खी कॉलनी उभी केली होती पाण्यात. रुचा किंचाळायलाच लागली. सामान हमालांकडे दिलं, मग सौमित्र म्हणाला, "तुम्ही लाईनमध्ये लागा, मी गाडी पार्क करून शटलने येतो." आणि जाताना ती फाईल माझ्या हातात दिली.

त्या फाईलबद्दल सांगते. काळी, जाडजूड, प्लॅस्टिकच्या कप्प्यांची. आमच्यातल्या प्रत्येक घरात अशी एक असते. लग्नाचं सर्टिफिकेट, डिग्र्या, पगाराच्या स्लिपा, जन्माचे दाखले, सगळं तिच्यात. ग्रीन कार्ड होईपर्यंत एक कागद फेकायचा नाही, कुठला कधी मागतील सांगता येत नाही, अशी आमच्या लोकांची श्रद्धा. सौमित्र तर ईमेलसुद्धा छापून तारखेने लावून ठेवायचा. मी ती कधी उघडली नव्हती. "तुला नाही कळायचं ते, उगाच टेन्शन घेशील," असं तो म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटायचं.

रांग लांबच लांब होती. पुढे आपली गाडी आधीच लावून आलेले अनीश-रेणू, मागे मी, आणि पोरं दोरीखालून पलीकडे-अलीकडे करत होती. निळ्या कोटातली एक बाई रांगेच्या कडेने आली आणि सांगत सुटली की जे अमेरिकन नागरिक नाहीत त्यांनी पासपोर्ट, व्हिसा आणि कागद हातात तयार ठेवा.

"वहिनी, काढून ठेवा तुमचे," अनीश म्हणाला. "सौमित्र येईपर्यंत आपला नंबर लागेल."

मी फाईल उघडली. माझं नाव लिहिलेला कप्पा होता. पासपोर्ट मिळाला. परवानगीचा कागद शोधायला मागचं पान उलटलं तर लॉयरची ईमेल. नोव्हेंबरची. इंग्लिश सोपं होतं, चार ओळी. तुमच्या पत्नीने ही क्रूझ करू नये असा माझा सल्ला आहे. फक्त मेक्सिकोची छोटी फेरी असती तर एक सवलत होती, पण जमैका आणि केमन तिच्यात बसत नाहीत. परतताना त्यांना प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

मी दोनदा वाचलं. हो म्हणाला म्हणे!

आणि खाली शेवटची ओळ होती. मार्चमध्ये मी तुम्हाला लिहिलं होतं, ते आजही लागू आहे.

मी मागचं पान उलटलं. तारखेने लावलेलं सगळं, अगदी शिस्तीत. मार्चची ईमेल तिथेच होती. वडिलांच्या आजाराबद्दल वाईट वाटलं. तुमच्या पत्नीने जरूर जावं. अशा कारणासाठी मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये तातडीची वेळ मागता येते, पत्र मी आजच तयार करून देतो. सगळं मिळून दोन ते तीन आठवडे लागतील, मला फारशी अडचण दिसत नाही.

आणि त्याच्या वर माझ्या नवऱ्याचं उत्तर. एका ओळीचं. धन्यवाद, पण आम्ही सध्या न जायचं ठरवलं आहे.

आम्ही!

बाबांना जायला अजून आठ दिवस होते त्या तारखेला. आठ दिवस. मी पोचले असते. ज्या माणसाच्या नावाने मी नऊ महिने बोटं मोडली, त्याने माझ्या बापाची विचारपूस केली होती, आणि ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले त्याने मला घरात कोंडलं होतं. रेणूने विचारलं, "काय गं, बरं वाटत नाही का?" मी ती दोन्ही पानं तिच्या हातात दिली. तिने वाचली, माझ्याकडे पाहिलं, पानं परत दिली आणि दोन्ही पोरांना हाताला धरून खिडकीशी बोट बघायला घेऊन गेली.

सौमित्र आला तो हसत. "मिळालं पार्किंग. झाले का कागद?"

"झाले," मी म्हटलं आणि मार्चचं पान त्याच्या नाकासमोर धरलं. "हे काय आहे?"

त्याने पान पाहिलं. चेहरा पांढरा पडला. तरी आवाज तोच. "सुवर्णा, आत्ता नको. आपण केबिनमध्ये बोलू."

"केबिन गेली खड्ड्यात. लॉयर नाही म्हणाला होता ना?"

"अगं, हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! मराठी कळतं का त्यांना? आणि कळलं तर बरंच होईल, माझ्या नवऱ्याची हुशारी कळेल टेक्ससला. बोल. नाही कोण म्हणालं?"

रांग दोन पावलं सरकली, आम्हीही सरकलो. मग तो हळूच म्हणाला, "माझ्या प्रोजेक्टचा रिलीज होता त्या महिन्यात, रात्रंदिवस ऑफिस. रुचा चार वर्षांची. तू अडकली असतीस तर मी एकटा काय करणार होतो? आणि बाबा बरे होतील असंच वाटत होतं मला. खरंच वाटत होतं."

"तुला वाटत होतं. मग मला ते सांगायचं. मी भांडले असते, रडले असते, कदाचित थांबलेही असते. पण तू मला विचारलंच नाहीस. माझा बाप विचारत होता निघाली का बेटा, आणि मी त्याला खोटं सांगत होते, सौमित्र. तुझं खोटं, माझ्या तोंडाने."

"चुकलं माझं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आधी कधी आलं असतं तर मी पदराने पुसलं असतं.

"आणि आता? आता रिलीज नाही, म्हणून मी अडकले तरी चालेल? लॉयर स्पष्ट लिहितोय की परत घेणार नाहीत, आणि तू मला बोटीवर चढवतोयस?"

"अनीश म्हणाला कुणी बघत नाही."

अनीशला वाटलं आता बोलायचा नंबर आपला. "वहिनी, झालं गेलं विसरा ना. सुट्टीला आलोय आपण. इतकं काय त्यात?"

"अनीश," मी म्हटलं, "तुझे वडील आहेत ना? साताऱ्याला? मग तू बोलू नकोस." तो आपल्या पासपोर्टात तोंड घालून उभा राहिला.

काउंटरवरच्या मुलीने आम्हाला हात केला. पुढे गेले असते तर चढलेही असते कदाचित. शेजारच्या काउंटरवरची मुलगी लोकांचे पासपोर्ट उघडून नुसता फोटो बघत होती. अनीशचं खरं होतं, जाताना कुणी बघत नाही. परत येताना बघतात.

मी फाईलमधून माझा पासपोर्ट काढला, परवानगीचा कागद काढला, ती दोन पानं काढली, आणि उरलेली फाईल त्याच्या छातीला टेकवली. मग खिडकीशी गेले. रुचाला जवळ घेतलं, म्हटलं, आईचा एक कागद राहिलाय, तू डॅडीबरोबर जा, मी घरी आहे. ती म्हणाली, "बट यू प्रॉमिस्ड, आई." प्रॉमिस केलं होतं, नाही कसं म्हणू? मी तिचा पापा घेतला. रेणू म्हणाली, "मी आहे तिच्याजवळ. तू जा."

सौमित्र मागे येऊन उभा होता. "मीही येतो परत. आपण सगळेच जाऊ घरी."

"नाही. तिला बोटीत बसायचंय, तिला बसव. मी सोमवारी लॉयरला स्वतः फोन करणार. तुम्ही परत आलात की मी नागपूरला जाणार, आईकडे. स्टॅम्प मिळेल तेव्हा येईन. रुचाची शाळा आहे, ती तुझ्याजवळ राहील."

"सुवर्णा, आता तातडीचं कारण नाही राहिलं. दोन महिने लागतील, चार लागतील, नाहीच दिला तर?" पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "रोज रात्री ती विचारेल, आई कधी येणार. मी काय सांगू तिला?"

मी त्याच्या हातातून गाडीची किल्ली घेतली.

"सांग, लॉयर नाही म्हणाला," मी म्हटलं. "पाठीवरून हात फिरव आणि सांग. तुला येतं ते."