उज्वला उडी मारत नाही

उज्वलाला पोहायला शिकवलं तिच्या वडिलांनी. निफाडजवळच्या मळ्यातल्या विहिरीत, कमरेला दोर बांधून. आठवीत असताना ती काठावरून सूर मारायची आणि तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायची. पुढे लग्न होऊन नाशिकला आली, शाळेत नोकरी लागली आणि पोहणं सुटलं ते सुटलंच.

मुलीच्या, सृष्टीच्या, वेळी बाळंतपण अडलं, चिमटा लावावा लागला. तेव्हापासून खोकला आला, शिंक आली, पाण्याची बादली उचलली, की लघवीचे थेंब-दोन थेंब व्हायचे. पुढे पुढे थेंबांवर भागेना. सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीला असतंच हे." महेशला, नवऱ्याला, तिने एकदा सांगून पाहिलं. टीव्हीचा आवाजही कमी न करता तो म्हणाला, "मग डॉक्टरला दाखव ना." विषय तिथेच संपला. ती पॅड लावायला लागली. फळ्याकडे वळण्याआधी साडीवरून मागे हात फिरवायची सवय लागली. सृष्टी कॉलेजात जायला लागली, तरी ती सवय सुटली नव्हती.

मग गुडघे धरले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालणं कमी करा, पोहा." तेव्हा उज्वलाने उठून दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांनी खालचे स्नायू आवळायचे व्यायाम शिकवले आणि म्हणाल्या, "पॅड लावून पाण्यात जाऊ नका, तो पाणी पिऊन फुगतो. पोहण्यासाठी वेगळी चड्डी मिळते, कमरेला आणि मांड्यांना घट्ट बसणारी. थोडंफार सुटलं तर आत राहतं. वरून नेहमीचा कॉस्च्यूम घाला. कुणाला कळणारही नाही."

कुणाला कळलंही नाही. गंगापूर रोडच्या बाजूला एका खासगी स्विमिंग टँकवर सकाळी बायकांची बॅच असायची. उज्वला त्याआधी चहा घेईनाशी झाली. चड्डी घरूनच घालून जायची, वर गुडघ्यापर्यंतचा काळा कॉस्च्यूम. तिथे पोचल्यावर आधी बाथरूम, मग शॉवर, मग पुन्हा बाथरूम. उडी मात्र मारायची नाही. उडीत पोटावर दाब येतो आणि सगळंच हातातून जातं. शिडीने सावकाश उतरायचं. बाकीच्या बायका डोक्याला तेल लावून तशाच पाण्यात शिरायच्या, शॉवरखाली उभं राहायचा त्यांना कंटाळा. उज्वला ते बघायची आणि गप्प बसायची.

पाण्यात मात्र ती वेगळीच बाई होती. हात लांब टाकायची, पाणी उडायचं नाही. गुडघ्यांचा ठणका विसरायला व्हायचा. पहिल्या महिन्यात एकदा ती टँकच्या मधोमध उताणी पडून राहिली आणि तिला रडू आलं. पाण्यात असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

निकिता ही तिथली कोच. पंचविशीची, बोलायला गोड. तिने उज्वलाचा पाण्यातला हात पाहिला आणि मागेच लागली. "काकू, चाळिशीच्या पुढच्या बायकांची स्पर्धा आहे. तुम्ही उतरायचंच. मेडल कुठे जात नाही."

"नको गं."

"का पण? फक्त सूर मारायची प्रॅक्टिस करू. तुम्ही नेहमी शिडीने का उतरता?"

उज्वलाने आठवडाभर टाळलं. पण मनात ती कधीच स्पर्धेत उतरली होती. भाजी चिरताना हात हलायचे. शेवटी एका सकाळी सगळ्या गेल्यावर तिने निकिताला बाकावर बसवलं आणि सांगून टाकलं. निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने उज्वलाचा हात धरला. "काकू, तुम्ही पाण्यातूनच सुरुवात करा. मी परवानगी काढते. आणि हे माझ्यापाशीच राहील."

परवानगी लगेच मिळाली. पाण्यातून सुरुवात करायला आयोजक कुणाला कारणच विचारत नव्हते.

स्पर्धेच्या चार दिवस आधी मधल्या सुट्टीत उज्वलाने फोन उघडला. बॅचच्या ग्रुपवर निकिताचा मेसेज होता. पाण्यात शिरतानाचा उज्वलाचा फोटो, आणि खाली: "आपल्या उज्वला काकूंना लघवीवर कंट्रोल राहत नाही, तरी त्या हिमतीने स्पर्धेत उतरतायत. सगळ्यांनी टाळ्या वाजवायला या. खरी इन्स्पिरेशन!" त्यापुढे फुगवलेल्या दंडांचे आणि लाल बदामांचे इमोजी.

पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी हात जोडले. मग एकीने लिहिलं, "म्हणजे आपण इतके दिवस त्याच पाण्यात?" निकिताने मेसेज काढून टाकला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता.

दुसऱ्या दिवशी उज्वला टँकवर गेली तेव्हा बायका पाण्यात नव्हत्या. मॅनेजरच्या टेबलाभोवती उभ्या होत्या.

"मॅडम, गैरसमज नको," मॅनेजर खाली बघत म्हणाला. "पण सगळ्या लेडीजचं म्हणणं आहे, पाण्याला हल्ली वास येतो."

"फिल्टर गेला महिनाभर बंद आहे. तुम्हीच सांगितलंत."

"ते आहेच. पण..."

बॅचमधली एक पार्लरवाली बाई पुढे झाली. "आमच्या मुली उतरतात याच पाण्यात. तुम्ही शिकवता ना शाळेत? तुम्हाला कळायला नको?"

उज्वलाचे कान तापले. ती म्हणाली, "मी पाण्यात काही जाऊ नये म्हणून खास चड्डी घालते. उतरण्याआधी दोनदा बाथरूमला जाते, शॉवर घेते. तुमच्यातलं कोण काय करतं? तास-तास पाण्यात असता, मध्ये कुणी बाहेर गेलेलं मी पाहिलं नाही."

दोघीतिघी एकमेकींकडे बघून कसनुशा हसल्या. मालनबाई, साठीच्या, शेजारच्याच लेनमध्ये पोहायच्या, रोज तिला द्राक्षं आणून द्यायच्या. त्यांच्याकडे उज्वलाने पाहिलं. मालनबाईंनी पदराने चष्मा पुसायला घेतला आणि म्हणाल्या, "असू दे गं. थोडे दिवस घरी आराम कर."

निकिता भिंतीपाशी रडत होती. "काकू, मला वाटलं सगळ्यांना अभिमान वाटेल..."

"तुला वाटलं," उज्वला म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. त्या झटक्यात थेंब सुटले, तेही तिला जाणवलं.

तिला कुणी काढलं नाही. पण दोन दिवसांनी ती पुन्हा गेली, शिडी उतरली, तशा शेजारच्या दोन्ही लेनमधल्या बायका बाहेर येऊन काठावर बसल्या. ती एक फेरी मारून आली, तरी बसूनच होत्या. स्पर्धेला ती गेली नाही.

घरी महेशला कंपनीतल्या मित्राच्या बायकोकडून कळलं होतं. "हे जगाला सांगायची काय गरज होती?" तो म्हणाला. "आता माझ्याकडे बघून हसतील."

"तुला सांगितलं होतं मी."

"कधी?"



दिवाळीनंतर मालनबाईंचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या. मग आवाज एकदम बारीक झाला. "ती चड्डी कुठनं घेतलीस गं? मलाही... दोन वर्षं झाली. आता पाण्यातही सुटतं, जाणवतं मला."

तोंडावर आलेलं बरंच काही उज्वलाने गिळलं. डॉक्टरबाईंचं नाव दिलं, चड्डी कुठे मिळते ते सांगितलं, माप कसं घ्यायचं तेही सांगितलं.

"कुणाला बोलू नको हं," मालनबाई म्हणाल्या.

"नाही बोलणार. तुम्ही तिथेच जाता अजून?"

"हो ना. फिल्टर बसवलाय नवा. पाणी छान आहे आता."

उज्वला आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते, दोन रिक्षा बदलून. तिथे दुपारची बॅच आहे, बायका थोड्या. नाव विचारलं तर सांगते. त्यापुढे कुणी बोलायला लागलं, की टोपी कानावर ओढते आणि पोहायला लागते.