बुधरीची पाहुनी

मले मलेरिया झाला तं घरच्याइले मनातल्या मनात बरंच वाटलं. तोंडावर कोनी बोललं नाई, पन आमच्या राजदीपचा चेहरा मले कळते, पोरगा हाय माहा. मोहर्लीपासून पायी निघून थेट सिरोंच्याले नदीत पाय बुडवाचे, असं खूळ रिटायर झाल्यावर माह्या डोक्यात शिरलं होतं. जिंदगीभर चंद्रपूरच्या दवाखान्यात नर्स म्हनून याच्या खाटेपासून त्याच्या खाटेपर्यंत चालली. म्हनलं, सरिताबाई, आता जरा सरळ चालून पाहू. दिवाळी झाली अन् निघाली. मूल गाव, वैनगंगा नदी, गडचिरोली, धानोरा, सारं पायी. एक पाऊल गाडीत ठेवलं नाई. अन् धानोऱ्याच्या पुढे भर जंगलात तापानं मले असं आपटलं का मी एका मोहाच्या झाडाखाली आडवीच झाली. गावच्या पोराइनं मोटरसायकलवर मधात बसवून सडकेवर आनलं, राजदीप गाडी घेऊन आला, अन् मी घरी.

घरी म्हंजे पलंगावर. जो येईल तो एकच सांगे, "आता बस झालं बाई, वय पाहा." मी खेकसून उठे. पन खरं सांगू? मलेच भेव वाटून राह्यलं होतं. पायाच्या काड्या झाल्या होत्या, जिना उतरतानी भिंत धरावी लागे. त्यात पेपरात आलं का हत्तीचा कळप त्याच जंगलात मुक्कामाले हाय. बाप्पा! वाघाची सवय असते आमाले, वाघ आपला गाववाला. हत्तीचं काय करतात, कोनाले माहीत?

तरी मोहफूल पडाले लागलं तशी मी निघाली. राजदीपनं गाडी काढली. धानोरा मागे पडल्यावर हळूच म्हने, "आई, तेवढा जंगलाचा तुकडा सोड ना. मी तुले सडकेनं पलीकडच्या गावात सोडतो, तिथून चाल. कोन पाहाले बसलं हाय?"

असं बोलल्यावर मी त्याले सोलून काढाले पायजे होतं. पन मी म्हनली, "बरं." इतकं सोपं निंघालं तोंडातून का मलेच शरम वाटली. म्हनलं, पयले बुधरीच्या घरी थांबव. तिले लुगडं द्याचं हाय.

बुधरी म्हंजे त्या दिवशी माह्यासोबत चालत होती ते गोंड बाई, माह्याच वयाची. आदल्या रातीचा माहा मुक्काम तिच्याच घरी होता. त्या गावाची चालच तशी हाय. पाहुना पायी पुढे निंघाला का ज्या घरी तो राह्यला त्या घरचं एक मानूस त्याले पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवते, अन् तिथल्या मानसाच्या हातात देते. मले वाटलं होतं, चांगली माया करतात लोकं. बस, इतकंच समजलं होतं मले.

बुधरी अंगनात मोहफूल वाळवत होती. मले पाह्यलं अन् उठली. हात धुतले, फडक्यात भाकर बांधली, कोपऱ्यातली काठी घेतली. "चाल," म्हने.

"अवो, थांब ना! मी लुगडं आनलं हाय तुले."

"ते पोचल्यावर."

आता आली का पंचाईत. मी सांगितलं का बाई, पायात ताकद नाई, मी गाडीनंच पलीकडं जातो. बुधरीनं काठी परत कोपऱ्यात ठेवली अन् खाली बसून मोहफूल उलथू लागली. तिचा दीर दसरू खाटेवर बसून होता, तोच बोलला. "बाई, हिची पोरगी, लच्छू, पलीकडच्याच गावात देली हाय. तिले पोरगं झालं. हे अजून पाहाले गेली नाई."

"काऊन?"

मीच येडी असल्यासारखं बुधरीनं माह्याकडं पाह्यलं. "कोन्या तोंडानं जाऊ? शिवेवर इचारतीन, पाहुनीले घेऊन निंघाली होती, कुठी हाय तुही पाहुनी? काय सांगू? अर्ध्या वाटेत टाकली?"

"अवो, टाकली कुठी? मी बीमार पडली, माह्या घरी गेली!"

"तू तुह्या घरी गेली बाई. माह्या हातून पुढच्या हातात नाई गेली."

सारा हिवाळा मी पलंगावर पडून घरच्याइच्या नावानं बोटं मोडत होती, अन् इथी एक आजी नातवाचं तोंड न पाह्यता माही वाट पाहून राह्यली होती. अन् मी काय आनलं, तं लुगडं! राजदीप गाडीचं दार उघडून उभा होता. त्याले म्हनली, "लाव ते दार. अन् जा घरी."

"आई, हत्ती हायत तिथी!"

"हायत तं हायत."

पयले आमी त्या मोहाजवळ गेलो, मी पडली होती तिथी. बुधरीनं मले बरोबर त्याच जागी उभं केलं अन् मगच चालाले लागली. खाली फुलाइचा पिवळा सडा, वास असा का डोकं हलकं व्हावं. पळस पेटलेले. मी झाडं धरत धरत चाले. बुधरी वळून पाहे, थांबे, पुन्हा चाले. एकदाही "लवकर" म्हनली नाई.

नाल्याच्या काठावर तिनं एकदम मले हात धरून खाली बसवलं.

पलीकडून हत्ती उतरत होते. आवाज नाई हो! इतकं मोठं जनावर अन् पाचोळा वाजत नाई. लाल मातीनं माखलेले, एकामागून एक, मधात एक लहानगं आईच्या पोटाखालून चालनारं. आमच्या विहारात भिंतीवर बुद्धाच्या मायच्या, महामायेच्या सपनातला पांढरा हत्ती काढलेला हाय, त्याले मी लहानपनापासून हात जोडत आली. पन हे काई वेगळंच होतं. सर्वात मोठी हत्तीन मधातच थांबली अन् आमच्याकडं पाह्यलं. मले वाटलं, श्वास घेतला तं ऐकू जाईन. माहं भेव कुठी गेलं, ठाऊक नाई. डोळ्यातून पानी वाहत होतं अन् मले इतकंच वाटत होतं का मी हे पाह्यलं, माह्या या डोळ्यानं पाह्यलं. मंग तिनं सोंड हलवली, लहानग्याले पुढे ढकललं अन् सारे बांबूत शिरले. जंगल त्याइच्यावर असं बंद झालं का कोनी आलंच नोतं.

बुधरीनं जमिनीले हात लावून कपाळाले लावला. "आमच्या आज्यानंबी नोते पाह्यले," म्हने. मी तिचा हात सोडला नाई, बराच वेळ.

शिवेवर लच्छू उभी होती, पाठीशी लेकरू बांधून. कोन सांगाले गेलं होतं, देव जाने. माय दिसली तशी ती धावली नाई, जागच्या जागी राह्यली अन् जोरात इचारलं, "कोनाले आनलं?"

"पाहुनीले आनलं," बुधरी म्हनली, अन् माहा हात उचलून लच्छूच्या हातात देला. लच्छूनं तो घट्ट धरला. मंग बुधरीनं पोरीच्या पाठीवरचं लेकरू सोडून घेतलं, त्याच्या टाळूले नाक लावलं अन् तिथीच खाली बसून रडाले लागली. इतका वेळ सांभाळली मले, पन आता माह्याकडं वळूनही पाह्यलं नाई.

"चाल बाई," लच्छू म्हनली, "आता तू माही."