मलकपेठेतला नाताळ

छप्पन सालच्या नाताळात सखूबाईला क्षणाची उसंत नव्हती. राज्याची वाटणी झाली आणि हैदराबादेतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीतली निम्मी घरं बदल्या होऊन औरंगाबाद-परभणीकडं निघून गेली. दहा जणी हसतखेळत उरकायच्या ती कामं आता सखूबाई आणि शेजारची भामा यांच्याच गळ्यात पडली. गौलीगुड्यातल्या उपासनेच्या खोलीला चुना द्यायचा, करंज्या तळायच्या, पोरांकडून गाणी बसवून घ्यायची.

तेलुगू मंडळीचे पाळक परवाच येऊन म्हणाले होते, "यंदा आपण एकत्रच उपासना करू ना, बाई."

"चौघं उरलो तरी आम्ही आमच्या मराठीतच करू," सखूबाईनं फटकन सांगून टाकलं होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी कढईपाशी बसल्या बसल्या भामा म्हणाली, "वहिनी, तातेरावकाकांकडं कुणी गेलं का हो?"

सखूबाईच्या हातातला झारा तसाच राहिला. ज्यांनी तिला पेटी शिकवली ते तातेराव! अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. मुलगा परभणीला रुजू झाला होता. घर मिळालं की न्यायला येणार होता. आणि तिनं कितीतरी दिवसांत तिकडं फिरकूनही पाहिलं नव्हतं.

"आत्ताच कामून आठवण दिलीस गं," असं पुटपुटत तिनं चार करंज्या फडक्यात बांधल्या आणि रिक्षात बसली. संध्याकाळच्या आत परतायचं, एवढंच डोक्यात.

मलकपेठेत तातेरावांचं दार उघडंच होतं. आत एक तेलुगू बाई त्यांना वरणभात भरवत होती. "आ करा, काका. आ," ती मोडक्या मराठीत म्हणत होती. सखूबाईला पाहताच तिनं पाट सरकवला. "रा अम्मा, कूर्चो."

"ही यल्लम्मा," तातेराव जड जिभेनं म्हणाले. "पोरगा गेल्यापासून दोन्ही वेळचं हिच्याच घरून येतं. मला तेलुगू येईना, हिला मराठी. आधी नुसत्या खुणा केल्या, मग मोडक्यातोडक्या दखनीवर भागवलं." मग त्यांनी विचारलं, "पेटी आणलीस?"

"नाही काका. घाईत आले."

"कसली घाई?"

"नाताळची," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

निघताना तिनं यल्लम्माला दखनीत विचारलं, "इत्ता कायकू करते अम्मा तुम?"

यल्लम्माला प्रश्नच कळेना. "बाजू में रहती ना मैं! और कायकू?"

रिक्षा चादरघाटाच्या पुलावर आली तरी ते शब्द सखूबाईच्या कानातून जाईनात. देव माणसांत राहायला आला, असं ती लहानपणापासून गात आली होती. म्हणजे काय, तर शेजारी राहायला आला. कुणाची भाषा कोणती, कोण कोणत्या राज्यात गेलं, हे विचारत बसला नाही. भिंतीला भिंत लावून राहिला. आणि आपण? आपण त्याच्यासाठी खोलीला चुना देत बसलो!

घरी कढई वाट पाहत होती. पण तिनं रिक्षा पाळकांच्या दाराशी थांबवली.

"एकत्र करू उपासना," ती म्हणाली. "पण तातेरावकाकांच्या अंगणात."

पाळक हसले. "सतरंज्या आमच्याकडून."

सकाळी भामा मांडीवर पेटी घेऊन रिक्षातून उतरली. तातेरावांची खाट अंगणात आणली होती. एक कडवं मराठीत झालं, पुढचं तेलुगूत. तेलुगू शब्दांवर सखूबाईची जीभ अडखळली तशी दोन्हीकडची पोरं खुदकन हसली. तीही हसली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. तातेराव धडधाकट हातानं खाटेच्या लाकडावर ठेका धरत होते. कपाळभर कुंकू लावलेली यल्लम्मा उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. सखूबाईनं तिला हाताला धरून सतरंजीवर आपल्याशेजारी बसवलं.

उपासना संपली. करंज्या कमीच पडल्या; ज्याला त्याला अर्धी अर्धी मिळाली. यल्लम्मानं पेटीवरून हळूच हात फिरवला. "अगले साल भी आते ना?"

"अगले साल कायकू अम्मा?" सखूबाई म्हणाली. "इतवारकूच आती मैं."