बोलेपर्यंत

ठकीच्या तोंडाला दिवसभर म्हणून दम नसायचा. सकाळी डोळे उघडले की सुरू. पडदा का हलतो, दूध उतू का जातं, ती मुंगी निघाली कुठं, सगळ्याची चौकशी. एवढीशी पोर, पण बोलणं असं की ऐकणाऱ्यानं हात टेकावेत. आणि हीच पोर, मोबाईल समोर धरला की ओठ घट्ट मिटून बसायची. तिला तसं शिकवलं होतं. कोणी? तिच्या सख्ख्या आईनं.

तुम्ही म्हणाल, काय बाई आहे ही! जिभेला काय, हाड नसतं. आधी सगळं ऐका तरी.

न बोलणाऱ्या मुलांचं एक छोटं केंद्र होतं. दोन खोल्या, भिंतीवर मोठा आरसा, आणि आरशासमोर मुलांकडून ओठांचे चंबू करून घेणाऱ्या थेरपीच्या बाई. ठकी तिथं जायची, तिची फी माफ होती. ठकीची आई तिथंच नोकरीला, केंद्राचं पेज सांभाळायची. फोटो टाकायचे, कमेंटना उत्तरं द्यायची, देणग्या मागायच्या. बराच काळ त्या पेजला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. मग एकदा तिनं ठकीचा व्हिडिओ टाकला. आरशासमोर ठकी, ओठ हलतायत, गळ्याची शीर फुगलीय, आणि आवाज काही फुटत नाही. खाली तिनं एक ओळ लिहिली, 'ठकी बोलेपर्यंत साथ द्याल?'

लोकांनी दिली की! व्हिडिओ कुठल्या कुठं पोचला. दर महिन्याला खात्यातून आपोआप देणगी जाईल अशी सोय कितीतरी जणांनी करून टाकली. त्यातून बाईंचा पगार वेळेवर व्हायला लागला, तिसरी खोली घेतली, बाहेर बाकावर ताटकळणारी मुलं आत आली. सगळा डोलारा त्या एका शब्दावर. बोलेपर्यंत. लिहिताना तिच्या डोक्यातच आलं नाही, की बोलल्यावर काय?

आणि ठकी बोलली. औषधाचा चमचा तोंडाशी आला तशी मान फिरवून स्वच्छ म्हणाली, "नको!" घ्या! पोरं 'आई' म्हणतात, ही 'नको' म्हणाली. आईनं तिला उचललं, हसली, रडली, आणि पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून परत चमचा भरला.

केंद्राच्या साहेबांनी बातमी ऐकून टाळ्या वाजवल्या. माणूस वाईट नव्हता. मग खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "ताई, पेजवर मात्र एवढ्यात नको."

"का हो साहेब? आनंदाचीच बातमी आहे ना?"

"ठकीनंतर आपण त्या जुळ्या बहिणींसाठी देणग्या मागितल्या. त्यांतली एक बोलायला लागली, ते टाकलं होतंत. काय झालं?"

काय झालं ते तिला पाठ होतं. अभिनंदन, फुलं, बदाम, आणि पाठोपाठ 'आता आमची गरज नाही ना? छान!' असं म्हणत त्या जुळ्यांचा एकेक देणगीदार गेला. कमेंटमध्ये जत्रा, खात्यात खडखडाट.

"मग मी ओळच बदलते," ती म्हणाली. बदललीही. 'सगळी मुलं बोलेपर्यंत.' त्याला कोणी हिंग लावून विचारलं नाही. उलट खाली प्रश्नच प्रश्न, 'आमची ठकी कुठंय?'

आमची! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मग तिनं लेकीला खेळ शिकवला. मोबाईल समोर आला की तोंडाला कुलूप. ठकीला आधी गंमत वाटली, मग सवय झाली. पोर शहाणी, एकदाही चुकली नाही. ते शहाणपण आईला रोज टोचायचं.

लोक म्हणाले, ठकीला लाईव्ह दाखवा. साहेबांनी दुपार ठरवली. ठकीच्या आईनं मात्र मनाशी पक्कं केलं होतं, आज सोक्षमोक्ष लावायचा. होऊ दे काय व्हायचं ते. स्टँडवर मोबाईल लावला, ठकीला समोर बसवलं. खाली कमेंट धावायला लागल्या. ठकी, आई म्हण ना. बाळा, प्रयत्न कर.

"बोल गं राणी," आई म्हणाली. "खरंच बोल. काहीही बोल."

ठकीनं तिच्याकडे पाहिलं. डोळे असे चमकले, की बघ, फसवतेस काय मला! आणि ओठ आणखी घट्ट मिटले.

आता आईनंच सांगायचं होतं. ती बोलते हो, कधीची बोलते. एवढंच. तिनं तोंड उघडलं, आणि नजर दाराबाहेर गेली. बाकावर जुळ्यांची आई बसली होती, मांडीवर दुसरी, अजून न बोलणारी. ती बाई हात जोडून मोबाईलकडे बघत होती. ठकीच्या आईचे ओठ हलले, गळ्याची शीर फुगली, आणि आवाज काही फुटला नाही.

लोकांना वाटलं, माऊलीचा कंठ दाटून आला. देणग्यांचा नुसता पाऊस पडला. साहेबांनी कोपऱ्यातून अंगठा दाखवला. तिला स्वतःची अशी शिसारी आली की तिनं नळाखाली तोंड धरलं आणि कितीतरी वेळ धुतच राहिली.

संध्याकाळी ठकीच्या बाबांचा फोन आला. ते बोटीवर नोकरीला. समुद्रात असताना जेमतेम आवाजापुरतं नेट मिळायचं, तेव्हा ठकी फोन कानाला लावून त्यांचं डोकं खायची. आज बोट बंदराला लागली होती. लेक बोलायला लागल्यापासून पहिल्यांदाच ते तिला बघणार होते. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते बिचारे.

"कुठंय माझी बडबडी? दाखव, दाखव लवकर."

आईनं मोबाईल ठकीसमोर धरला. खिडकीतल्या कावळ्याशी तावातावानं भांडणारी ठकी जागच्या जागी गप्प झाली.

"अगं बोल ना. बाबा आहे मी. रुसलीस काय?"

ठकी हलली नाही. पलीकडचं हसू हळूहळू उतरत गेलं. "हिला बरं नाही का गं?" त्यांनी विचारलं.

ठकी आईच्या गळ्यात पडली, कानाशी तोंड नेलं, आणि बाबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"आई, बाबांसमोर मला बोलता येतं का?"