कालभैरवाचं गुरगुरणं

ज्या गावात तापाच्या गोळीसाठी कुणी मैलभर चालत नाही, त्या गावात एका कुत्र्याच्या पाया पडायला आजूबाजूची सगळी खेडी लोटली होती. मी तिथल्या मुलींच्या शाळेची मास्तरीण, प्रमिलाबाई. ही गेल्या वर्षीची, चौतीस सालची गोष्ट. त्या आठवड्यात माझ्या वर्गात फक्त फळा उरला होता.

पारावर लाल गादी, गादीवर काळं कुत्रं, शेजारी त्याचा मालक भैरवबाबा. गादीच्या कडेला चांदीच्या पादुका. बाबाचं म्हणणं, हा साक्षात कालभैरव. कुईकुई केली तर समोरचा पुण्यवान, हेल काढला तर कुणाचं तरी मरण जवळ आलं आणि गुरगुरला तर समोरचा पापी. "देव रोज बोलतो रे, खोटं कधीच बोलत नाही, तुमच्याच कानात बोळे," असं म्हणून तो दक्षिणेचं ताट पुढे सरकवायचा.

कुईकुईचं गुपित मला पहिल्याच दिवशी कळलं. शेटजी पाया पडले की बाबाची मूठ कुत्र्याच्या नाकाशी जायची आणि मुठीत गूळ असायचा. आमचा वाघ्याही गुळासाठी अशीच कुईकुई करतो, आणि माझ्या पुण्याशी त्याला काही देणंघेणं नाही. हेल तर शंख फुंकला की निघायचा. त्या आवाजाला गावातली सगळीच कुत्री गळा काढायची. तरी बाबाने तापाने फणफणलेल्या झुलालआबांच्या घराकडे बोट दाखवलं, आणि त्यांच्या पोरांनी तिरडीसाठी बांबूही आणून ठेवले. आबा चार दिवसांत खडखडीत बरे झाले आणि त्याच बांबूंवर त्यांनी कारल्याचे वेल चढवले. म्हणून मी हसत होते. चुकलंच माझं, कारण पुढची गोष्ट हसण्यासारखी नव्हती.

भिकुबाई गावातली विधवा बाई. विहिरीला बारमाही पाणी असलेला मळा तिच्या नावावर होता आणि धाकटा दीर रुपचंद त्या मळ्यावर डोळा ठेवून होता. बाबाला गावात आणलं होतं ते त्यानेच. त्याची म्हैस मेली, तेव्हा भिकुबाई डाकीण आहे म्हणून त्याने बोंब ठोकली. निवाडा कालभैरवाकडे गेला. देव गुरगुरला तर तिने त्याच दिवशी गाव सोडायचं आणि मळा रुपचंदने करायचा, असं पाटलांसमोर ठरलं.

अमावास्येच्या सकाळी पारावर मुंगीला वाट नव्हती. एरवी भक्त लांबूनच नमस्कार करायचे. भिकुबाईला मात्र बाबाने फर्मावलं, "पादुका उचल, डोक्याला लाव." तिने हात पुढे केला आणि कुत्र्याच्या घशातून गुरगुर निघाली. ओठ मागे, दात बाहेर. माणसं मागे सरली. कुणीतरी धोंडा उचलला.

भिकुबाई पाटलांकडे वळली. "मी डाकीण नई शे, पाटील. यास्ले मना मळा पाहिजे, बठ्ठं त्यानाकरता शे." यांना माझा मळा हवाय, सगळं त्यासाठीच चाललंय, असं ती सांगत होती.

माझ्या डोक्यात सणक गेली. ही गुरगुर मी रोज ऐकते. वाघ्याला मीच वाढते, पण तो हाडूक चघळत असताना हात नेला की माझ्यावरही अशीच करतो. मी गर्दीतून पुढे घुसले आणि पादुकांना हात घातला. तीच गुरगुर.

"ही बी डाकीण," रुपचंद म्हणाला.

"असेन," मी म्हटलं. "पाटील, तुम्ही गावचे धनी. आता तुम्ही उचला."

धनसिंग पाटील मिशीवर ताव देत आले आणि हात झटकत मागे झाले, कारण त्यांची करंगळी थोडक्यात वाचली होती. आता पाटलांना डाकीण म्हणायची कुणाची छाती?

"बाबा, आता तुम्ही उचला," पाटील म्हणाले. आवाज काही गोड नव्हता.

देव दमलाय, असं बाबा म्हणाला. पाटलांनी त्याचं मनगट धरून हात पादुकांवर ठेवला. कालभैरवाने आपल्या भक्तालाच कडकडून चावा घेतला, मग नाकाने गादी उलटवली आणि खालचं मटणाचं हाडूक तोंडात धरून सरळ लिंबाखाली जाऊन बसला. लाल गादीवर चरबीचा डाग तेवढा राहिला.

धोंडा उचलणाऱ्याने तो हळूच खाली ठेवला. बाबा हात धरून जो पळाला, तो कुत्रं न्यायलाही परत आला नाही. ते काळं कुत्रं, आता आमचा काळू, भिकुबाईच्या मागोमाग मळ्यावर गेलं. अजून तिथंच असतो.

बाबांनो, चमत्कार बघायला जरूर जा, पण गादी उचलून बघा. आणि एखाद्या बाईवर धोंडा उगारण्याआधी, ती गावाबाहेर गेली तर तिचा मळा कोण करणार, एवढं तरी विचारा. कुत्रं खोटं बोलत नाही, हे बाबाचं एक वाक्य खरं होतं. काळू त्या सकाळी एवढंच सांगत होता, की हे माझं आहे, हात लावू नका. रुपचंदही तेच गुरगुरत होता. फरक इतकाच, की काळूचं हाडूक त्याचं स्वतःचं होतं.