बद्द वाजणाऱ्या बश्या

आत्या बशी विकत घेताना आधी भाव विचारत नाही. ती बशी तीन बोटांच्या टोकांवर तोलते, डोकं जरासं कलतं करते आणि काठावर टिचकी मारते. सूर उमटला की मग भाव. बद्द आवाज आला, तर बशीवर कितीही देखणी हरणं धावत असोत, ती खाली ठेवते आणि दुकानदाराला म्हणते, "आजारी आहे हो ही." जुन्या बाजारात तिला टिचकीबाई म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि आवडतंही.

ती फक्त नाताळच्या बश्या घेते. पूर्ण संच तिला कधी मिळाला नाही आणि नकोही होता. कुणाच्या तरी घरचा संच फुटत फुटत संपतो आणि शेवटी एखादी बशी उरते, तसल्या एकट्या उरलेल्या बश्या तिच्याकडे येतात. एकीवर बर्फात बुडालेलं चर्च आहे, एकीवर लाल छातीचा पक्षी. एका मोठ्या ताटलीवर हरणांची गाडी काठाकडे निघालेली आहे आणि सूपच्या वाडग्यांत कुठे काटेरी पानं, लाल फळं, कुठे बर्फातली घरं. काहींचा सोनेरी काठ इतक्या जणांच्या हातांनी पुसला गेलाय की उजेडात तिरकी धरल्याशिवाय सोनं दिसत नाही.

लहानपणी मला वाटायचं की हे सगळं एकच गाव आहे, फक्त तुकड्यातुकड्यांनी ठेवलेलं. बाबांच्या ताटलीतून निघालेली गाडी आईच्या ताटलीतल्या चर्चपाशी पोचणार. पक्षी ज्या फांदीवरून उडाला, ती फांदी माझ्या वाडग्यात. सूप खाली खाली जायचं आणि तळातून हळूहळू बर्फ वर यायचं, मग एखादं छप्पर, मग पिवळा उजेड असलेली खिडकी. त्या खिडकीत कुणीतरी आपल्यासारखंच जेवत बसलंय, याची मला खात्री होती. अजूनही सूप संपवताना मी शेवटचे घोट जरा हळूच घेते.

थंडी सुरू झाली की कपाटातून बश्या निघतात आणि थंडी सरेपर्यंत आम्ही रोजचं साधं जेवण त्यांतच जेवतो. पण टेबलावर येण्याआधी आत्या प्रत्येक बशीची पुन्हा परीक्षा घेते. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज खातो. अशा बशीत गरम काही वाढलं तर ती हातात दुभंगू शकते, आणि तड्यात मळ साठतो तो वेगळाच. आत्याचा नियम पक्का: तडा गेलेल्या बशीत माणसाला वाढायचं नाही.

यंदा तिने पहिली बशी वाजवली आणि बाजूला ठेवली. दुसरीही बाजूला. मी तेव्हा कपाटातून बश्यांमध्ये घातलेली फलाटीनची मऊ फडकी काढत होते. थोड्या वेळाने पाहिलं, तर चांगल्या बश्यांची जागा रिकामीच होती आणि बाजूचा ढीग टेबलाच्या काठापर्यंत आला होता.

"सगळ्या गेल्या," आत्या म्हणाली. माणसांबद्दल म्हणतात तशी.

"सगळ्या एकदम?" बाबा म्हणाले. "ताई, बश्यांची साथ आलीय का काय?"

"तू गप्प बस, धाकट्या. कपाट त्या भिंतीला लावा म्हणणारा तूच. पलीकडे शेजाऱ्यांचा बंब आहे. भिंत तापते, गार होते, तापते, गार होते. माती आहे ती, किती सोसेल?"

"वन्सं, मला तर वाजल्यासारख्या वाटल्या," आई म्हणाली.

"तू माझं मन राखतेयस. राखू नकोस." आत्याने हात पुसले. "जुनेवाल्याला निरोप देते. शनिवारी घेऊन जाईल. त्याच्याकडे एकजण बश्या फोडून त्यांचे तुकडे टेबलांवर नक्षीसारखे बसवतो. निदान तुकडे तरी कामाला येतील."

ती तिच्या खोलीत गेल्यावर मी पक्ष्याची बशी उचलली, तीन बोटांवर धरली आणि टिचकी मारली. लांब, पातळ, स्वच्छ सूर निघाला आणि खोलीत तरंगत राहिला. चर्चची वाजवली. गाडीची वाजवली. सगळ्या खणखणीत होत्या.

मी पंख्यांच्या कारखान्यात आवाज मोजते. पदवी भौतिकशास्त्राची आहे, म्हणून आत्या मला लाडाने आणि रागाने, दोन्ही वेळा "शास्त्रज्ञ" म्हणते. त्यामुळे काय झालंय ते मला लगेच कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं. टिचकीतून दोन आवाज निघतात. एक बोटाचा जाड ठोका आणि त्याच्या मागोमाग बशीचा बारीक सूर. वय झालं की कानातून आधी बारीक सूर जातात, ठोका राहतो. आत्याला फक्त ठोका ऐकू येत होता. तिच्या दृष्टीने प्रत्येक बशी खरोखरच बद्द वाजत होती.

मग बाकीचंही जुळलं. हल्ली ती दाराच्या बेलला उठत नव्हती आणि आम्ही तो तिचा तोरा समजत होतो.

"सांगून टाक तिला," माझं सगळं ऐकून बाबा स्वयंपाकघरात मला हळू आवाजात म्हणाले, आणि आपण हळू का बोलतोय हे लक्षात येऊन ओशाळले.

"तुम्ही सांगा. तुमची बहीण आहे," मी म्हणाले.

"मी धाकटा. मला तिने अजून पाढ्यांत पास केलेलं नाही."

"आणि वन्संना बहिरं म्हणणाऱ्याला," आई म्हणाली, "त्या इतकं सुनावतील की आधी तोच बहिरा होईल."

आम्ही हसलो, पण प्रश्न तसाच राहिला. सांगितलं तर तिला पटणार नाही. सगळे मिळून आपली समजूत काढतायत असं वाटेल. नाही सांगितलं, तर शनिवारी गाव फुटायला जाणार.

शनिवारी सकाळी दाट धुकं होतं. आत्या बश्या धूत होती. तुकडे व्हायला निघालेल्या बश्या कशाला धुतेस, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाली, "घरातून जाणाऱ्याला पारोसं पाठवत नाहीत." धुतलेल्या बश्या फडक्यावर पालथ्या होत्या. वाडगे पाणी भरून खिडकीशी ठेवले होते.

मग धुकं विरळ झालं आणि ऊन तिरकं आत आलं. वाडग्यातल्या पाण्यावर पडून ते उलटं वर उडालं. छतावर उजेडाचा एक गोल उमटला, अगदी स्थिर. खाली वाडग्याच्या तळाशी लाल फळं बुडालेली आणि वर तो गोल, जणू त्या गावावरचा फिका चंद्र. मी बघत राहिले. रस्त्यावरून एखादी गाडी गेली की गोल किंचित शहारायचा. पाण्यावरची लाट केसाइतकीही नसते, पण इतक्या उंचीवर जाईपर्यंत उजेडाला ती मोठी करून दाखवता येते.

"आत्या, इकडे ये ना जरा."

"हात ओले आहेत."

"असू देत. वर बघ."

ती आली. मी लाकडी चमच्याने वाडग्याच्या काठावर हलकंच मारलं. छतावरचा गोल फुटला. त्याच्या कडेने उजेडाच्या बारीक सुरकुत्या धावल्या, थरथरत राहिल्या, आणि दिसेनाशा होतानाही एकदम थांबल्या नाहीत, विरघळत गेल्या.

"अय्या," आत्या म्हणाली. "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. मग बाहेर जाऊन, पूर्वी तडा गेला म्हणून आत्याने कुंडीखाली ठेवलेला वाडगा आणला. याचा तडा डोळ्यांनीही दिसत होता. धुऊन पाणी भरलं, उन्हात ठेवला आणि तितक्याच जोराने मारलं. छतावर उजेड एकदा दचकला आणि गप्प झाला.

आत्याने माझ्या हातातून चमचा घेतला. फुटका वाडगा वाजवला: दचकला, थांबला. चांगला वाजवला: सुरकुत्या धावल्या, धावत राहिल्या. मग तिने एकेक वाडगा स्वतः त्या उन्हाच्या पट्ट्यात आणला. काटेरी पानांचा. घंटांचा. आमच्या डोक्यावर उजेड फुटत होता, विरघळत होता. पाण्याखाली बर्फ पडत असावं आणि त्याची सावली वर दिसत असावी, असं वाटत होतं. आम्ही दोघी माना वर करून उभ्या होतो.

शेवटचा वाडगा तिने वाजवला आणि गोल पुन्हा शांत होईपर्यंत वाट पाहिली.

"हा फुटका नाही," ती म्हणाली.

"नाही."

"कुठलाच नाही."

"नाही, आत्या."

"आणि बश्या?"

"त्याही नाहीत."

ती छताकडे बघत राहिली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. शब्द तयारही केले होते मी, वयाबद्दल, बारीक सुरांबद्दल. पण तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि माझी मान नकळत तिकडे वळली. आत्याची वळली नाही. तिने माझ्या वळलेल्या मानेकडे पाहिलं. मग दाराकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"बेल वाजली?"

"हो."

"मोठ्याने?"

"नेहमीसारखी."

तिने चमचा फडक्यावर ठेवला आणि पदराला हात पुसले, बराच वेळ, कोरडे झाल्यावरही. मग म्हणाली, "तू थांब. मी बघते."

मी तरी मागे गेलेच. दारात जुनेवाला रिकामी खोकी आणि गवताचा भारा घेऊन उभा होता.

"टिचकीबाई, खोकी कुठं ठेवू?"

"मोठ्याने बोला जरा."

"म्हटलं, खोकी कुठं ठेवू?"

"परत न्या. बश्यांना काही झालेलं नाही." आत्याने चौकटीला हात टेकला. "माझे कान गेलेत."

जुनेवाला गोंधळला. एक खोकं त्याच्या काखेतून घसरलं. "बश्या वाजत नाहीत म्हणाला होतात ना?"

"वाजतात. मला येत नाही ऐकू." हे तिने तिसऱ्या माणसाची बातमी द्यावी तसं सांगितलं. "आता इतक्या लांब आलायत, तर आत या. सूप आहे."

दुपारी टेबलावर सगळं गाव मांडलं गेलं. बाबा प्रत्येक वाक्य ओरडून बोलायला लागले, तेव्हा आत्या म्हणाली, "धाकट्या, कान गेलेत, अक्कल नाही. साधा बोल, फक्त माझ्याकडे तोंड करून बोल." डॉक्टरांकडे जायचं ठरलं. कानात यंत्र घालायचं की नाही, यावर आई आणि जुनेवाला यांच्यातच वाद जुंपला. जुनेवाल्याच्या ताटलीत हरणांची गाडी आली होती आणि तो पावाचा तुकडा तिच्यापासून दूर धरून खात होता, जणू हरणं बिथरतील.

चमचे चिनीमातीवर लागत होते. आत्या सगळ्यांच्या हातांकडे बघत होती.

"कसा येतोय आवाज?" तिने मला हळूच विचारलं.

"दोन हजार हर्ट्झच्या आसपास असेल. त्याच्या वर आणखी..."

"आकडे नकोत. कसा येतोय, ते सांग."

मी चमचा खाली ठेवला. आवाज मोजायचं माझं काम आहे, सांगायचं नाही. मी डोळे मिटले.

"बाबांचा जाड येतोय. ते खरवडतायत. आईचा लहान लहान, मधे थांबत, ती बोलते तसा. सगळे एकदम आले की..." मी पुन्हा कान दिला. "लांबून कुणीतरी येतंय, असं वाटतं. पोचलेलं नाही अजून, पण निघालंय."

"हं," आत्या म्हणाली. तिने आपला वाडगा जवळ ओढला. "सावकाश सांग. माझं सूप अजून आहे."